मदत हवी आहे: आईचा एकटीचा मुंबई–दुबई प्रवास, कानाचं मशीन आणि फ्लाइट मोड

पार्लेकर_२

नमस्कार मंडळी. आई (वय ७१) पुढच्या महिन्यात एकटीच दुबईला जाते आहे, मुंबई टी-२ वरून एमिरेट्सने. तिचा फोन अँड्रॉइड १३, सिम पोस्टपेड. दोन्ही कानांना मशीन आहे, ती ब्लूटूथने फोनला जोडलेली असतात आणि आवाज कमी-जास्त करायचं अ‍ॅपही फोनमध्येच आहे. अडलंय ते असं:

फ्लाइट मोड लावला की मशीनचा फोनशी संबंध तुटणार का? विमानात व्हॉट्सअ‍ॅप चालेल का, आणि त्यासाठी यूएईचा रोमिंग पॅक पुरेल का? "विमानात फोन आपोआप जोडला गेला आणि बिल आलं" असं ऐकतो, ते कसं टाळायचं? पॉवर बँक कुठल्या बॅगेत ठेवू? ओळखीतले सगळे वेगवेगळं सांगतात, म्हणून नक्की माहिती असणाऱ्यांनीच लिहावं ही विनंती.

श्रवण_दादर

मशीनचं आधी, कारण त्यावर बाकीचं अवलंबून आहे. श्रवणयंत्र आणि पेसमेकर यांना विमानातल्या उपकरणबंदीतून पहिल्यापासून सूट आहे. टेक-ऑफ आणि लँडिंगलाही मशीन कानातच राहू द्या. उलट त्याच वेळी क्रूच्या सूचना ऐकू यायला हव्यात.

अँड्रॉइड ११ पासून अशी सोय आहे की ब्लूटूथवर हेडफोन किंवा श्रवणयंत्र जोडलेलं असताना फ्लाइट मोड लावला, तर ब्लूटूथ चालूच राहतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी मशीन जोडा, अ‍ॅपमध्ये दोन्ही कान हिरवे दिसतात ना ते बघा, मग फ्लाइट मोड. उलटं केलं तर ब्लूटूथ बंद होतं आणि हाताने परत चालू करावं लागतं. घरी एकदा करून बघा, कारण काही फोन-कंपन्यांनी सेटिंगची मांडणी आपापल्या परीने बदललेली असते.

मशीन फोनपासून तुटलं तरी ऐकू येणं थांबत नाही. फक्त फोनचा आवाज थेट कानात येत नाही आणि अ‍ॅपवरून प्रोग्रॅम बदलता येत नाही. मशीनवर बटण असेल तर आवाज तिथूनच बदलायला आईंना शिकवा. इंजिनाच्या घरघरीत बहुतेकांना आवाज एक-दोन पायऱ्या कमीच करावा लागतो. बटणसेल वापरणारं मशीन असेल तर सेलचं एक न उघडलेलं पान पर्समध्ये असू द्या.

रेडिओवाला

बिलाचा प्रश्न सगळ्यात कमी समजला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्या विमानांत मोबाईल सेवा आहे तिथे छताच्या आत एक छोटा टॉवर असतो, त्याला पिकोसेल म्हणतात. फोन या पिकोसेलशी बोलतो, पुढचा प्रवास उपग्रहामार्गे. टॉवर दोन-चार मीटरवरच असल्यामुळे तो फोनला सगळ्यात कमी ताकदीवर बोलायला सांगतो. १८०० मेगाहर्ट्झच्या टू-जीवर ती १ मिलिवॉटपर्यंत उतरते. ही सेवा ३,००० मीटरच्या वर गेल्यावरच चालू होते. भारताच्या हद्दीसाठी हीच मर्यादा २०१८ च्या नियमांत आहे.

आता मेख. हे नेटवर्क भारताचंही नाही आणि यूएईचंही नाही. त्याचा देश-क्रमांक ९०१ हा कुठल्याच देशाचा नाही. विमानात ही सेवा चालवणाऱ्या कंपन्यांपैकी एरोमोबाईलचा ९०१-१४, ऑनएअरचा ९०१-१५. त्यामुळे यूएईचा साधा रोमिंग पॅक इथे लागू होत नाही. फ्लाइट मोड लावला नसेल आणि रोमिंग चालू असेल, तर फोन झोपलेल्या माणसाच्या खिशातही या नेटवर्कला जाऊन चिकटतो, आणि मेल, फोटो, अपडेट असं सगळं पॅकबाहेरच्या दराने ओढायला लागतो. बिल येतं ते असं.

आपल्या कंपन्यांचे इन-फ्लाइट पॅक वेगळे असतात. एअरटेलने २०२४ मध्ये १९५ रुपयांना २४ तासांचा पॅक आणला: २५० एमबी डेटा, १०० मिनिटं आउटगोइंग, १०० एसएमएस. जिओचेही आहेत. काही महाग आंतरराष्ट्रीय पॅकमध्ये ही सोय जोडून येते, म्हणून तुमच्या पॅकच्या तपशिलात 'इन-फ्लाइट' शब्द आहे का ते बघा. नसेल तर नाही असंच धरा. आणि पॅक घेतलाच, तर त्यात इनकमिंग आहे का तेही वाचा. बऱ्याच पॅकमध्ये नसतं.

माझं मत: सव्वातीन तासांसाठी हे काहीही घेऊ नका. फ्लाइट मोड लावा, वर वाय-फाय चालू करा. शिवाय घरून निघण्यापूर्वी डेटा रोमिंगचं बटण बंद करून ठेवा, म्हणजे फ्लाइट मोड लावायचा राहिला तरी डेटा जाणार नाही. दुबईत उतरल्यावर चालू करायला सांगा.

गिरगावचा_गण्या

अहो, अर्धं विमान फ्लाइट मोड लावतच नाही. विमानं पडतात का? उगाच बाऊ.

एव्हियॉनिक्स_कलिना

गण्या, फोनने विमान पडतं असं इथे कोणी म्हटलेलं नाही. कारण वेगळं आहे.

फोन टॉवरपासून जितका लांब, तितक्या जोराने ओरडतो. टू-जीवर ९०० मेगाहर्ट्झला २ वॉटपर्यंत, फोर-जीवर साधारण ०.२ वॉट. टू-जीचं प्रक्षेपण सेकंदाला २१७ तुकड्यांत होतं. जुना फोन स्पीकरजवळ ठेवला की येणारा टर्रर्र आवाज तो हाच. तोच पायलटच्या हेडसेटमध्ये शिरू शकतो, आणि नेमका तेव्हा विमानतळाचा नियंत्रण कक्ष उंची किंवा वळण सांगत असेल तर शब्द परत विचारावा लागतो. धोका इतकाच, पण तो चुकीच्या क्षणी नको. आपल्याकडे टू-जी अजून चालू आहे हेही विसरू नका.

दुसरं कारण जमिनीवरच्या नेटवर्कचं आहे. अमेरिकेत १९९१ मध्ये हवेतून ८०० मेगाहर्ट्झचे फोन वापरण्यावर बंदी आली ती मुख्यतः याच कारणाने, आणि ती घातली दूरसंचार नियामकाने. १०,००० मीटरवरून क्षितिज सुमारे ३५० किलोमीटरवर असतं. मुंबईच्या डोक्यावर असताना सुरतपासून कोल्हापूरपर्यंतचे टॉवर एकाच वेळी नजरेच्या रेषेत येतात, आणि नेटवर्कची सगळी रचना 'एका फोनला जवळचे चार-सहा टॉवर दिसतात' या हिशोबावर उभी आहे. हवेतला फोन तो हिशोब मोडतो.

पण आईंना खरी अडचण येईल ती बॅटरीची. टॉवरचे अँटेना खाली झुकवलेले असतात, विमानाचं अंग धातूचं, वेग ताशी ८०० किलोमीटरच्या वर, आणि फोर-जी आखलं गेलं ते ताशी ३५० किलोमीटरपर्यंतच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून. वर गेल्यावर फोनला काही मिळत नाही. तो शोधत राहतो आणि गरम होतो. घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरताना अर्धवट टॉवर दिसायला लागतात, तेव्हा पूर्ण जोर लावून नोंदणीचे प्रयत्न करतो. म्हणजे सगळ्यात जास्त आवाज नेमका लँडिंगलाच.

कोणी फाईव्ह-जी विचारण्याआधी: विमानाचा रेडिओ अल्टिमीटर (जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र) ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतो, आपलं फाईव्ह-जी ३.३ च्या पट्ट्यात. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने पुणे, नागपूर, दिल्ली, बेंगळुरू आणि गुवाहाटी इथे धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्यातले टॉवर लावू नका असं कळवलं. तो विषय टॉवरचा, प्रवाशाच्या फोनचा नाही.

गिरगावचा_गण्या

ठीक, टर्रर्रचं पटलं. मग उतरल्यावर फोन कधी चालू करायचा? चाकं टेकताक्षणी सगळे सुरू होतात.

एव्हियॉनिक्स_कलिना

विमान धावपट्टीवरून बाहेर वळल्यावर, क्रू सांगेल तेव्हा. एक अपवाद मुंबईकरांनी लक्षात ठेवावा: कमी दृश्यमानतेत लँडिंग झालं असेल तर ही मुभा नसते. पावसाळ्यात परतीच्या विमानात 'दार उघडेपर्यंत फोन बंद ठेवा' अशी घोषणा झाली तर ती त्यासाठी.

वायफाय_वाशी

व्हॉट्सअ‍ॅपचं. एमिरेट्समध्ये स्कायवॉर्ड्स या त्यांच्या प्रवासी योजनेच्या सदस्यांना मेसेज पाठवण्यापुरतं वाय-फाय फुकट मिळतं आणि सदस्यत्वही फुकट आहे. ते घरीच काढा, नंबर तिकिटाला जोडा आणि पासवर्ड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. विमानात बसून नोंदणी करताना एसएमएसवरचा ओटीपी लागला तर अडाल, कारण फ्लाइट मोडमध्ये एसएमएस येत नाही. बँकेच्या व्यवहारांचंही तेच. वर असताना ओटीपी लागेल असं कुठलंच काम ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅप आधीच चालू असलेला फोनच न्या. नव्या फोनवर ते सुरू करायलाही ओटीपी लागतो.

विमानात: फ्लाइट मोड, मग वाय-फाय, विमानाचं नेटवर्क निवडा, ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येईल. ते येतच नसेल तर दहापैकी नऊ वेळा फोनच्या नेटवर्क सेटिंगमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' किंवा व्हीपीएन आड येतं. दोन्ही आजच बंद करून ठेवा.

फुकटच्या पातळीवर मजकूर जातो, फोटो-व्हिडिओ आणि कॉल जात नाहीत. आईंना सांगा की फोटोवरचं चक्र फिरत राहिलं तर फोन बिघडलेला नाही. मेसेजला एक टिक येऊन दुसरीला वेळ लागला तरी थांबायचं. जुना उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो, नुसत्या जाण्या-येण्यातच जवळपास अर्धा सेकंद जातो.

विकतचं वाय-फाय घेतलंत तर त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' (म्हणजे मोजून मिळणारं) निवडा. नाहीतर फोनला वाटतं घरचंच वाय-फाय आहे, आणि गूगल फोटोज गणपतीचे सगळे व्हिडिओ वर चढवायला घेतं.

भारतीय विमानाने परत येणार असतील तर चित्र वेगळं आहे. एअर इंडियाने १ जानेवारी २०२५ पासून देशांतर्गत मार्गांवरही ए३५०, काही ७८७-९ आणि काही ए३२१निओ विमानांत फुकट वाय-फाय सुरू केलं. पीएनआर आणि आडनाव टाकून आत जायचं. पण ऐनवेळी विमान बदललं तर सोय जाते. तिकिटावरून हे ठरवता येत नाही.

पार्लेकर_२

फारच उपयोगी, सगळ्यांचे आभार. पॉवर बँक राहिली. २०,००० एमएएचची आहे.

रेडिओवाला

२०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले १,००० म्हणजे ७४ वॉट-तास. १०० च्या आत, म्हणून चालते. १०० ते १६० ला साधारणपणे विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर नाहीच. चेक-इनच्या बॅगेत कधीही नाही. टी-२ वर तपासणीला ट्रेमध्ये वेगळी काढून ठेवा. तिच्यावरचा छापील आकडा पुसला गेला असेल तर दुसरी घ्या, वाद घालून उपयोग होत नाही.

एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच पॉवर बँक ठेवली आहे, आणि विमानात तिने फोन चार्ज करायलाही बंदी आहे. वरच्या कप्प्यात ठेवायची नाही. सीटसमोरच्या खिशात किंवा पायाशी. पेटलीच तर ती लगेच दिसावी म्हणून. चार्जिंग सीटच्या यूएसबीवर करा, केबल आईंच्या हातपर्समध्ये हवी.

वायफाय_वाशी

घरच्यांसाठी एक. विमान कुठवर पोहोचलं हे बघायला आईंचा फोन लागत नाही, फ्लाइटरडारसारख्या साइटवर विमानाचा क्रमांक टाका. विमान स्वतःची जागा १०९० मेगाहर्ट्झवर सांगत असतं, पण ते ऐकणारे बहुतेक रिसीव्हर जमिनीवर असतात आणि त्यांचीही पोहोच तीन-चारशे किलोमीटरच. अरबी समुद्राच्या मध्यावर ठिपका अडकला किंवा अंदाजाने सरकायला लागला तर घाबरून एकमेकांना फोन करू नका. ओमानचा किनारा जवळ आला की परत नीट दिसतो.

पार्लेकर_२

शेवटचा प्रश्न. आईच्या हातून वस्तू फार पडतात. फोन सीटच्या फटीत गेला तर?

एव्हियॉनिक्स_कलिना

हात घालायचा नाही आणि सीट मागे-पुढे अजिबात करायची नाही. सीटच्या यंत्रणेत फोन चिरडला की लिथियम बॅटरी आतून शॉर्ट होते, धूर येतो, आग लागू शकते. डोक्यावरचं बोलावण्याचं बटण दाबायचं आणि क्रूला सांगायचं. ते आधी आईंना उठवतील, मग फोन काढतील. मनगटात अडकवायच्या दोरीचं कव्हर मिळतं, ते घेऊन टाका.