टॉवरवाल्याचं दुसरं काम

रुळालगत डिटेक्टर, म्हणजे गाडीच्या चाकांचं बेअरिंग (आस ज्यात फिरतो तो भाग) तापलंय का ते टिपणारी यंत्रं आली आणि रेल्वेचे टॉवर, म्हणजे सिग्नल आणि सांधे बदलणाऱ्या माणसाच्या उंच केबिनी, निरुपयोगी झाले, असं म्हटलं जातं. सिग्नल आणि सांधे बदलण्यापुरतं ते खरं आहे, ते काम दूरच्या कंट्रोल रूममध्ये गेलं. पण अमेरिकेतला टॉवरवाला जाणारी गाडी बाहेर उभा राहून न्याहाळायचाही. जुन्या साध्या बेअरिंगच्या पेटीत तेलात भिजवलेला सुताचा बोळा असायचा. तेल आटलं की तो धुमसायचा, धूर दिसायचा, वास यायचा. मग शेवटच्या डब्यातल्या माणसांना खूण करायची, नाहीतर पुढच्या टॉवरला फोन.

रोलर बेअरिंग आल्यावर धुराची आणि वासाची ही खूण बरीचशी गेली. डिटेक्टरमधला इन्फ्रारेड सेन्सर बेअरिंगच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान टिपतो, आणि आतली उष्णता तिथवर पोचायला वेळ लागतो. ३ फेब्रुवारी २०२३ ला ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइनला मालगाडी घसरली तेव्हा नेमकं हेच नडलं. वाटेतल्या डिटेक्टरांच्या नोंदींत बाहेरच्या हवेपेक्षा बेअरिंग किती गरम होतं बघा: सेब्रिंग गावाला ३८ अंश फॅरनहाइट, सेलमला १०३, आणि आणखी सुमारे २० मैलांनी थेट २५३. गाडी थांबवायची मर्यादा होती १७०! ३८ डबे घसरले. सेलमजवळच्या एका कारखान्याच्या कॅमेऱ्यात तर गाडीखालची आग स्पष्ट दिसते. तिथे टॉवरवर माणूस असता तर त्याला ती दिसलीच असती.

डिटेक्टर हवेतच, पण जास्त जवळजवळ. आणि लागोपाठच्या दोन नोंदींमधली वाढही इशारा मानली पाहिजे.