शब्दचर्चा: 'ट्रायाज'साठी मराठीत काय?

साथीत व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभागातल्या खाटा अपुऱ्या पडल्या तर आधी कोणाला द्यायच्या, यावरच्या लेखाचं भाषांतर करतोय. 'ट्रायाज'साठी, म्हणजे कोणत्या रुग्णावर आधी उपचार करायचे हे ठरवण्यासाठी, एकाने 'प्रतवारी' सुचवलं. मला ते खटकतं, प्रत मालाची लावतात. 'निकडवारी' कसं वाटतं?

– 'प्रतवारी' कानाला टोचते, पण मुळाशी जवळची तीच. फ्रेंच 'त्रिए' म्हणजे निवडून वेगळं काढणं. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद लारे याने जखमींकडे हुद्दा न बघता जखमेच्या गांभीर्याप्रमाणे बघायचा पायंडा पाडला.

– 'निकडवारी' अपघात विभागात शोभेल. तिथे सर्वांत अत्यवस्थ तो पहिला. साथीत यंत्रं संपत आली की नेमकं हेच सूत्र मोडतं. ज्याला व्हेंटिलेटर लावूनही तो वाचण्याची आशा नाही, त्याची निकड सर्वांत मोठी असूनही तो मागे जातो. म्हणून अवयव किती निकामी झालेत हे मोजणारं 'सोफा' (SOFA) गुणांकन वापरतात: सहा अवयवसंस्था, प्रत्येकीला 0 ते 4 गुण, एकूण 24. जितके गुण जास्त तितकी प्रकृती गंभीर आणि वाचण्याची आशा कमी. शिवाय ठरावीक काळाने पुन्हा तपासणी. पहिला निर्णय कायमचा नसतो, आणि हे 'वारी'त येत नाही. (उपचार करणाऱ्या डॉक्टरवर हा भार नको म्हणून निर्णय वेगळ्या गटाकडे सोपवावा, असंही सुचवलं जातं. योग्यच आहे.)

– मूळ लेखातल्या 'फेअर'ला 'समान' लिहू नका, 'न्याय्य' लिहा. 'जो आधी येईल त्याला आधी' हे वरवर समान आहे. पण रुग्णालयाजवळ राहणारा, गाडी असणारा आधी पोचतो. मार्च 2020 मध्ये इटलीतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने हा नियम बाजूला ठेवायला हरकत नाही, प्रसंगी वयोमर्यादाही घालावी लागेल असं म्हटलं, त्यावर बराच वाद झाला. माझ्या मते नुसतं वय हा निकष न्याय्य नाही. सत्तरीतला एखादा धडधाकट असतो, चाळिशीतल्याचं मूत्रपिंड निकामी असतं.

– आणि दोघांचे गुण सारखे आले तर? काही आराखड्यांत अशा वेळी थेट चिठ्ठी टाकतात.

– 'सोडत' म्हणा, घरांची निघते तशी.

– रुग्णाच्या नातेवाइकाला 'सोडत' ऐकवून बघा एकदा! 'चिठ्ठी'च बरी.

– बरं, मग 'ट्रायाज' तसंच ठेवतो, पहिल्या वापराला 'उपचारांचा अग्रक्रम ठरवण्यासाठी रुग्णांची वर्गवारी' असं लांबलचक स्पष्टीकरण देतो. 'निकडवारी' अपघात विभागासाठी राखून ठेवतो.