बुरशीमाशीचं जीनस (जवळच्या जातींचा गट): स्किआरा की ब्रॅडिसिया? मदत हवी आहे

कीटकवेडी: एका ओळख-तक्त्यानुसार (की) स्किआरा येतंय, दुसरीनुसार ब्रॅडिसिया. जुन्या पुस्तकात स्किआरा कोप्रोफिला, नेटवर तीच ब्रॅडिसिया कोप्रोफिला! बरोबर कोणतं? सोमवारी एमएससीचं सबमिशन आहे. प्लीज लवकर सांगा.

कोथरूडची_बाग: माझ्या कुंड्यांतही झाल्या होत्या. पाणी कमी करा, वरची माती वाळू द्या, निंबोळी पेंड मिसळा, पिवळे चिकट सापळे लावा. हमखास जातात.

कीटकवेडी: काकू, मला त्या घालवायच्या नाहीयेत, ओळखायच्यात.

द्विपंखी: सापडल्या कुठे? नर की मादी? दोन्ही डोळे मिशांच्या वर पुलासारखे जोडलेत का? जोडलेले असतील तर स्किआरिडी कुळ. नसतील, पाठीला कुबड असेल आणि पायांच्या कॉक्सा (शरीराला जोडलेला पहिला भाग) लांब असतील तर मायसेटोफिलिडी हे दुसरं कुळ. हे न सांगता जीनस कसं सांगणार?

कीटकवेडी: पूल आहे, म्हणून तर स्किआरिडीतच शोधतेय. हडपसरकडच्या आळिंबीच्या शेडमधून आणल्यात.

आळिंबीवाला: मग लायकोरिएलाच, स्किआरिडीतलं तिसरंच जीनस. बटण मशरूमच्या कंपोस्टात हीच येते. आधी शेड सांगितली असती तर वेळ वाचला असता.

द्विपंखी: अहो, जागेवरून जीनस ठरवू नका, ब्रॅडिसियाही शेडमध्ये येते. पुढच्या पायाच्या टिबियाचं (नडगीचं) टोक बघा. केस आडव्या एका ओळीत असतील तर ब्रॅडिसिया, नुसताच अस्ताव्यस्त पुंजका असेल तर लायकोरिएला.

आळिंबीवाला: आम्ही रोज बघतो हो त्या माश्या.

द्विपंखी: स्लाइडवर बघितल्यात का?

भटका_पुणेकर: न्यूझीलंडला वाइटोमोच्या गुहेत चमकणाऱ्या अळ्या बघितल्या, त्याही बुरशीमाश्याच! अरॅक्नोकॅम्पा. आधी मायसेटोफिलिडीत होत्या, आता केरोप्लॅटिडीत. फार सुंदर, जमलं तर नक्की जा.

पेशीवाली: नावाचा घोळ आमच्या जेनेटिक्समुळे टिकलाय. १९६०मध्ये हेलन क्राउज यांनी गुणसूत्रांच्या संदर्भात 'इम्प्रिंटिंग' (गुणसूत्र आईकडून आलं की वडिलांकडून, याची त्यावरची खूण) हा शब्द याच कोप्रोफिला माशीवरच्या कामात वापरला, आणि तो पेपर स्किआरा नावाने आहे. आज ब्रॅडिसियाच लिहा. जातीचं वर्णन करणाऱ्याचं नाव आणि साल, म्हणजे लिंटनर १८९५, कंसात टाका, कारण मूळ वर्णन स्किआरात झालं होतं.

कीटकवेडी: टिबियावर केसांची ओळ दिसली! म्हणजे ब्रॅडिसिया कोप्रोफिला लिहू ना? सगळ्या माद्याच आहेत.

द्विपंखी: जाती अजिबात लिहू नका. ती नराच्या जननांगांवरून ठरते. 'ब्रॅडिसिया एसपी.' (म्हणजे जाती ठरलेली नाही) एवढंच लिहा, आणि टिबियाचा फोटो जोडा. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, नर मिळाले की तिथे विचारा.

कीटकवेडी: शेडमधल्या माद्यांची अंडी वाढवली तर नर मिळतील?

पेशीवाली: बऱ्याच माद्या ठेवा, एकीवर विसंबू नका. कोप्रोफिलाच असेल तर एका मादीला एकतर सगळे नर होतात, नाहीतर सगळ्या माद्या. शिवाय अंड्यापासून माशी व्हायला तीनेक आठवडे लागतात, त्यामुळे सोमवारच्या आत ते जमणार नाही.