दाल्मेशियाची बंदरं: छोट्या बोटीने फिरावीत की मुक्काम करून?

सागरवाट

क्रोएशियाला जायचं म्हणून कुणी विचारलं की मी हल्ली एकच सांगते: तिथल्या दाल्मेशिया किनाऱ्याने स्प्लिट ते दुब्रोव्निक छोट्या बोटीने जा. यावर ओळखीतल्या दोघांनी "ही तर बंदरांना नुसतं शिवून यायची सहल" असं ऐकवलं. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

मी हजारो प्रवासी घेऊन फिरणाऱ्या अजस्र जहाजांबद्दल बोलत नाहीये. तीस-चाळीस प्रवाशांची, आठवड्याभराची फेरी करणारी बोट. नाश्ता झाला की निघते, दुपारी एखाद्या खाडीत नांगर टाकते, ज्यांना पोहायचं ते पोहतात, जेवण बोटीवरच आणि संध्याकाळी पुढच्या गावाचा धक्का. रात्री बोट तिथेच. विस, ह्वार, कोर्चुला, मल्येत अशी बेटं वाटेत येतात.

ही गावं समुद्राकडे तोंड करून बांधलेली आहेत. कोर्चुलाचंच बघा. जुनं गाव एका छोट्याशा भूशिरावर, मधून एक रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माशाच्या काट्यासारख्या गल्ल्या. पश्चिमेच्या गल्ल्या सरळ ठेवल्यात, कारण उन्हाळ्यात दुपारी सुटणारा माएस्त्राल वारा गावात खेळता राहायला हवा. पूर्वेच्या गल्ल्या किंचित वळवल्यात, कारण ईशान्येकडून येणारा बुरा हा थंडगार, झोंबरा वारा थेट घुसायला नको. बोटीवर दुपारभर तोच माएस्त्राल अंगावर घेऊन तटबंदीला वळसा घातला, की गाव असं का बांधलं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. बसमधून उतरून गावात शिरणाऱ्याला ते माहितीफलकावर वाचावं लागतं.

तुमचं मत काय?

पायउतार

सागरवाट ताई, वाऱ्याचा मुद्दा सुंदर मांडलात, पण त्याच कोर्चुलात तुमची बोट चार-पाच वाजता लागणार आणि सकाळी आठच्या सुमारास सुटणार. मधल्या वेळात काय उघडं असतं? हॉटेलं, दुकानं आणि तुमच्यासारख्याच इतर बोटींतून उतरलेली माणसं.

ह्वारचं उदाहरण घ्या. बोटी ह्वार गावात थांबतात. बेटाच्या उत्तर बाजूला स्तारी ग्राद आहे. इ.स.पू. 384 मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी तिथे फारोस नावाची वसाहत केली आणि शेजारच्या मैदानाचे दोरी लावून चौकोनी तुकडे पाडले. ते दगडी बांध अजून बहुतांशी त्याच रेषांवर आहेत आणि त्यांच्या आत आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. 2008 पासून ते मैदान जागतिक वारसा यादीत आहे. इतक्या जुन्या शेतात चालायची संधी जगात किती ठिकाणी मिळते? पण त्याला निवांत अर्धा दिवस हवा, आणि तो तुमच्या वेळापत्रकात नाही.

ह्वार गावातही तेच. धक्क्याजवळच्या जुन्या गोदीच्या इमारतीत खाली गलबतं ठेवत आणि वर 1612 मध्ये नाट्यगृह उभं राहिलं. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, 'शांततेचं दुसरं वर्ष'. सरदार घराणी आणि सामान्य लोक यांचा जुना झगडा मिटला आणि त्यानंतर हे नाट्यगृह उभं राहिलं. एवढी मोठी गोष्ट त्या चार शब्दांत आहे. बोटीवरचे किती जण मान वर करून ते बघत असतील? मला तरी आईस्क्रीमच्या रांगेतच जास्त माणसं दिसली.

गलबत

पायउतार, हा दोष बोटीचा कसा? मुक्काम करणारेही दिवसभर पुळणीवर पडून असतात. ज्याला बघायचंय तो बघतो.

मला वाटतं तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करताय. दुब्रोव्निकला त्रास कशाने झाला? ग्रूझ बंदरात मोठी जहाजं लागायची आणि काही तासांसाठी हजारो माणसं एकदम जुन्या शहराच्या पिले दरवाज्यातून आत घुसायची. जेवण जहाजावर, झोपणं जहाजावर, गावात फक्त गर्दी. शेवटी नगरपालिकेने 2019 मध्ये क्रूझ कंपन्यांच्या संघटनेशी करार करून एका वेळी दोनच जहाजं आणि 4,000 प्रवासी अशी मर्यादा घातली. व्हेनिसमध्ये तर 2021 पासून 25,000 टनांवरच्या जहाजांना सान मार्कोसमोरून जायलाच बंदी आहे.

छोट्या बोटीचं गणित याच्या नेमकं उलट. बहुतेक बोटींवर नाश्ता आणि दुपारचं जेवण मिळतं, रात्रीचं जेवण मुद्दाम गावात ठेवलेलं असतं. म्हणजे रोज तीस-चाळीस माणसं एखाद्या बेटावरच्या दोन-तीन खानावळींत बसतात. शिवाय यातल्या बऱ्याच बोटी तिथल्याच कुटुंबांच्या मालकीच्या. हे पैसे बेटावर राहतात. मोठ्या जहाजांवरचा राग यांच्यावर काढू नका.

निळंपाणी

गलबत, तीस-चाळीस माणसांची एक बोट ठीक आहे. पण जुलैमध्ये संध्याकाळी ह्वारच्या धक्क्यावर एकच बोट नसते. जागा अपुरी, म्हणून बोटी एकमेकींना खेटून बांधतात, एका रांगेत पाच-सहा. सगळ्यात बाहेरच्या बोटीवर असाल तर गावात जायला मधल्या सगळ्या बोटींच्या डेकवरून जावं लागतं. किनाऱ्यावरून वीज मिळाली नाही तर एसीसाठी जनरेटर चालू. ज्यांच्या खिडक्या त्या धक्क्यावर उघडतात, त्यांनी रात्र कशी काढायची?

दुसरं, पोहण्याचे थांबे. त्या खाड्यांच्या तळाशी पोसिडोनिया हे समुद्री गवत आहे. माशांची पिल्लं त्यातच वाढतात. ते वर्षाला काही सेंटिमीटरच पसरतं आणि नांगराने उपटलं की ती जागा भरायला पिढ्या जातात. वाळूवर नांगर टाकणारे जाणते कप्तान आहेत, पण रोज दुपारी त्याच खाडीत रांगेने येणारा प्रत्येक जण तसा नसतो. 'छोटी' या शब्दावर मला भरवसा ठेवता येत नाही.

दूरदेशी

सगळ्यांनी तरुण, धडधाकट प्रवासी गृहीत धरलाय. आईबाबांना घेऊन जायचं तर बोटीचा मोठा फायदा म्हणजे सामान एकदाच उघडायचं. दर दोन दिवसांनी बॅगा भरा, फेरीबोट गाठा, दगडी पायऱ्यांवरून चाकाची बॅग ओढत खोली शोधा, हे त्यांना झेपत नाही.

पण निळंपाणी म्हणतात ते खरंच आहे, आणि माझ्या आईसाठी तोच त्रास सर्वात मोठा होता. बोटीवरून बोटीवर जाताना मध्ये फटी असतात, कठडे ओलांडावे लागतात. खलाशी हात देतात, तरी गुडघेदुखी असेल तर माणूस घाबरतो. तिने दोन संध्याकाळी डेकवरच काढल्या. म्हणून आरक्षणाआधी विचारा: फळीला कठडा आहे का, खोली खालच्या मजल्यावर आहे का, जिना किती उभा आहे. जाहिरातीत यातलं काहीच नसतं.

आणखी एक. आमच्या वेळी जुगो सुटला. हा आग्नेयेचा दमट वारा लाटा उठवतो. कप्तानाने विस रद्द केलं आणि बोट आडोशाच्या बंदरात नेली. निर्णय अगदी योग्य होता, पण ज्यांनी विससाठीच पैसे भरले होते ते हिरमुसले.

सागरवाट

निळंपाणी, नांगराचा मुद्दा मी मनापासून मान्य करते. कोणत्या खाडीत आणि कशावर नांगर टाकता, हे प्रवाशांनी विचारायलाच हवं.

पण पायउतार, "वेळ कमी म्हणून भेट खोटी" हे मी मान्य करणार नाही. या किनाऱ्याचा इतिहास म्हणजेच येणंजाणं. दुब्रोव्निक, तेव्हाचं रागुसा, श्रीमंत झालं ते जहाजांमुळे. आलेल्या जहाजाचं काय करायचं याचा विचारही त्यांनीच केला. 1377 मध्ये त्यांनी नियम केला की साथीच्या प्रदेशातून आलेल्यांनी आधी बाहेरच्या बेटांवर किंवा त्साव्तात गावी महिनाभर वेगळं राहायचं. विलगीकरणाच्या सर्वात जुन्या नियमांपैकी हा एक. दक्षिणेकडून समुद्रातून आलात की ती बेटं आधी येतात, मग लोक्रुम बेट, मग तट. शहराचा स्वभाव त्या क्रमाने उलगडतो. विमानतळावरून टॅक्सीने आलेल्याला मात्र हे समुद्रावरून दिसत नाही.

पायउतार

ताई, त्यांनी महिनाभर थांबवलं, तुम्ही एका रात्रीत निघता!

विसबद्दल जास्त वाईट वाटतं. युगोस्लाव्ह सैन्याचा तळ म्हणून हे बेट 1989 पर्यंत परदेशी लोकांना बंद होतं. म्हणूनच तिथे मोठी हॉटेलं उठली नाहीत. डोंगरात बोगदे, किनाऱ्याच्या खडकात नौदलाच्या बोटी लपवायच्या गुहा, मध्येच द्राक्षमळे. हे बघायला बेटाच्या आत जावं लागतं. बोटवाले बहुतेक धक्का आणि शेजारच्या बिशेवोची निळी गुहा एवढंच दाखवतात, आणि त्या गुहेतही रांग लावून काही मिनिटं.

माझा पर्याय महागही नाही आणि अवघडही नाही. स्प्लिटहून फेरीबोटीने विस, परत स्प्लिट, मग ह्वार, कोर्चुला, दुब्रोव्निक. उन्हाळ्यात कॅटामरान, म्हणजे दोन सांगाड्यांच्या वेगवान प्रवासी बोटी, असतात. तीनच बेटं, प्रत्येकी दोन-तीन रात्री, घरमालकाकडे खोली. समुद्रही मिळतो, गावही मिळतं. आणि यातल्याच काही फेऱ्या हिवाळ्यात बेटावरच्या माणसांना दवाखाना आणि कॉलेज गाठून देतात. आपलं तिकीट त्या सेवेला जावं असं मला वाटतं.

गलबत

ऑगस्टमध्ये त्या कॅटामरानची तिकिटं मिळवून दाखवा. आत काचेमागे बसायचं, डेकवर उभं राहायची सोय बहुतेक नाहीच. त्यात ताईंचा वारा कुठून येणार?

दूरदेशी

एक कामाचं सांगते. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, युरोही त्याच दिवसापासून. पण काही सहलींत दुब्रोव्निकहून माँटेनेग्रोतल्या कोटोरची फेरी असते आणि माँटेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. व्हिसावर एकच प्रवेश असेल तर परत क्रोएशियात शिरता येणार नाही. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा मागा.

सागरवाट

दूरदेशी, हे सांगितलंत ते फार बरं झालं, वर धाग्यात घालते. पायउतार, मी बोटीवरच ठाम आहे, फक्त जुलै-ऑगस्ट सोडून, मे अखेर किंवा सप्टेंबर. आणि मुक्कामच करणाऱ्यांना माझी एक विनंती: 2022 मध्ये पेल्येशाच द्वीपकल्पाचा पूल झाल्यापासून गाडीने थेट तिथल्या ओरेबिच गावापर्यंत जाता येतं. तिथे गाडी ठेवा आणि समोरच्या कोर्चुलाला तरी बोटीनेच जा. अर्धा तासही लागत नाही.