रंगपंचमीच्या रविवारी सातजणांनी सोलापुरातून कुठं जावं? (एकाचा रोजा आहे)

टॉवेलवाली

नमस्कार मंडळी. मी सोलापुरातच असते, एमआयडीसीत टॉवेलच्या एका युनिटमध्ये एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. आमचा ग्रुप कॉलेजपासूनचा. सातजण. त्यातले चौघं पुण्याला गेले, हिंजवडी आणि खराडीला विभागून. इथं उरलोय तिघं, आणि दर सणाला "काय प्लॅन?" हा मेसेज मात्र पुण्याहून येतो आणि प्लॅन आम्ही करायचा असतो.

यंदा रंगपंचमी रविवारीच आली आहे. चौघं शुक्रवारी रात्रीच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं येणार, सोमवारी सकाळच्या हुतात्मानं जाणार. म्हणजे हातात शनिवार-रविवार. अडचणी सांगते:

आमच्यातला एक रोजे धरतो. तो दरवर्षी म्हणतो, "तुम्ही जा बे, मी ईदनंतर येतो," आणि ईदनंतर कुणालाच सुट्टी नसते. यंदा त्याला सोडून जायचं नाही. आणि त्याला घेऊन जाऊन त्याच्यासमोर दिवसभर चरत बसायचं, हेही बरं दिसत नाही.

चष्मिसला उन्हात डोकं धरतं. सोलापूरचा मार्च म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको.

गाडी एक, मामाची जुनी व्हॅगन आर, आणि एक ॲक्टिव्हा. मला नऊच्या आत घरात यायचं आहे, ही आईची अट आणि त्यात घासाघीस होत नाही.

हुरडा संपला, तेव्हा हुरडा पार्टी सुचवू नका. रिसॉर्ट आणि रेन डान्स तर अजिबात नको. मागं एका ठिकाणी गेलो होतो, पाइपखाली भिजलो कमी आणि जेवणाच्या रांगेत उभे राहिलो जास्त. डीजे एवढा मोठा की वर्षभरानं भेटलेली माणसं एकमेकांना नुसती हातवारे करत होती. आम्हाला बोलायचंय हो.

बुलेट_विजापूररोड

एवढं टेन्शन कशाला घ्यालीस बे ताई. सरळ विजापूर. शंभरेक किलोमीटर, रस्ता मस्त. गोलघुमटाच्या वरच्या सज्ज्यात उभं राहून भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की पलीकडच्याला स्पष्ट ऐकू येतं. घुमट 1656 चा, बाहेरून 44 मीटर व्यास. आत शिरलं की आपोआप मान वर जाते. नंतर इब्राहिम रोजा, मलिक-ए-मैदान तोफ, आणि येताना जेवण. एका दिवसात होतं, आम्ही कायम जायलोत.

टॉवेलवाली

दादा, विजापूर झालंय आमचं, आणि आवडतंही. पण वर जायला जे जिने आहेत ते सात मजल्यांचे, आणि तहानेल्या माणसाला ते चढायला लावायचे? सकाळी लवकर पोचलो तरी उतरेपर्यंत ऊन डोक्यावर. आणि रविवारी त्या सज्ज्यात कुजबुज कुणाची ऐकू येते? दीडशे पोरं एकदम ओरडत असतात.

खराडीचा_सोलापूरकर

महाबळेश्वर करा ना. दोन दिवस आहेत की.

टॉवेलवाली

चौघं पुण्याहून सोलापूरला येणार, मग सगळे मिळून परत पुण्याच्या बाजूला जाणार. वा.

माळरानी

मी बार्शी रोडच्या बाजूची आहे आणि गेली काही वर्षं पक्षी बघायला माळावर जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही सगळे "किती लांब" यावरून ठरवताय. आपल्याकडे फेब्रुवारी संपला की ठरवायचं ते उन्हावरून. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच आपला वसंत. मधला वेळ पंख्याखाली झोपायचा. हे एकदा मान्य केलं की तुझ्या निम्म्या अडचणी जातात. आणि तुझ्या मित्राचं म्हणशील, तर रोजा धरणारा माणूस सहरीला उठलेलाच असतो. तुम्ही बाकीचे लोळत असता तेव्हा त्याचं खाऊन-पिऊन झालेलं असतं. पहाटे सगळ्यात ताजातवाना तोच. त्याला अकराला गाडीत घालून दुपारी तीनला कुठल्या तरी बुरुजावर चढवायचं, यात त्याचे हाल आहेत. फजरची, म्हणजे पहाटेची नमाज झाली की निघा, तो तुमच्या पुढं चालेल.

तर सकाळी नान्नज. सोलापूरपासून वीसेक किलोमीटर. नाव माळढोक अभयारण्य आहे, पण माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका. पक्षीच फार थोडे उरलेत. अभयारण्य 1979 चं आहे, तेव्हाच्या लोकांकडून ऐकलेल्या गोष्टी वेगळ्या. मात्र काळवीट भरपूर. नान्नज, वडाळा, मार्डी या पट्ट्यात रस्त्यावरूनही कळप दिसतात. मार्चमध्ये गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि त्यात काळा नर लांबूनही उठून दिसतो. पाठ काळी, पोट पांढरं, डोळ्याभोवती पांढरं कडं, शिंगं पिळाची. माद्या आणि पिल्लं तपकिरी, ती आधी दिसतच नाहीत. एक हलली की कळतं, अरे इथं वीस आहेत. मग त्यातली एखादी उगाचच चारी पाय एकदम उचलून उडी मारते, आणि तिच्यामागून सगळ्या. कारण काही नसतं. नशीब जोरावर असेल तर लांडगाही दिसतो.

दोन गोष्टी पाळा. गाडी वाटेवरून खाली माळात घालू नका, माळावरचे बरेच पक्षी जमिनीवरच अंडी घालतात आणि ती मातीच्याच रंगाची असतात. आणि गाणी बंद. आत जायचं असेल तर वनखात्याच्या माणसाला आधी विचारा.

परत येताना द्राक्षं घ्या. सोनाका ही लांबट मण्यांची जात नान्नजच्याच नानासाहेब काळे यांनी काढली, त्या गावात उभं राहून ती खायची मजा वेगळी. रोजेवाल्यासाठी एक पेटी संध्याकाळपर्यंत राखून ठेवा म्हणजे झालं.

दहाच्या आत घरी. मग काय रंग खेळायचा तो कुणाच्या तरी गच्चीवर खेळा. बारा ते चार झोप.

कुडलचा_पाहुणा

सकाळ नान्नजला बरोबर. संध्याकाळी मात्र हत्तरसंग कुडल करा. भीमा आणि सीनेचा संगम, सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटर. संगमेश्वराचं देऊळ, हरिहरेश्वराचं देऊळ, आणि एकाच शिवलिंगावर 359 मुखं कोरलेली आहेत, ती मोजायला लागलं की पोरं गप्प बसतात. तिथला शके 940 चा, म्हणजे 1018 चा शिलालेख मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत धरतात. सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. नववीच्या पुस्तकात श्रवणबेळगोळ पाठ केलं आपण, आणि घराजवळचं कुणी दाखवलं नाही.

माळरानी

कुडल सुंदरच आहे, पण संध्याकाळी नको. हायवे सोडल्यानंतरचा रस्ता अंधारात नवख्याला त्रासाचा, सोबत ॲक्टिव्हा आहे, आणि तिला नऊच्या आत घर गाठायचंय. कुडल सकाळचंच. ज्यांना दुसरा दिवस आहे त्यांनी शनिवारी करावं.

संध्याकाळसाठी माचणूर. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर, अंतर तेवढंच पण हायवेला लागून. सिद्धेश्वराचं देऊळ, खाली भीमेपर्यंत उतरत गेलेला दगडी घाट, आणि शेजारी किल्ला. औरंगजेबाचा तळ 1695 पासून काही वर्षं इथं ब्रह्मपुरीला होता. एवढा मोठा बादशहा आपल्या मंगळवेढ्याच्या उन्हात कसा राहिला असेल, हे मला अजून कळलेलं नाही. उजनीतून पाणी सोडलेलं असेल तर नदी भरलेली असते, नसेल तर वाळू आणि खडक. दोन्ही बघण्यासारखं. पाण्यात मात्र कुणी उतरायचं नाही, डोह कुठं आहे ते गावातल्यांनाच माहीत असतं.

सूर्य साडेसहानंतर बुडतो. त्याच सुमाराला त्याचा रोजा सुटेल. खाणं घरचं आणि शाकाहारी न्या, देवळापासून जरा बाजूला बसा. त्या वेळेपर्यंत तुम्हालाही भूक लागलेली असेल, मग कुणी कुणासमोर चरतंय हा प्रश्नच नाही. सातला निघालात तर आठ-सव्वाआठला सोलापूर.

बुलेट_विजापूररोड

नळदुर्ग कुणीच कसं काढंना? पाणीमहाल!

माळरानी

बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला महाल, मान्य, तोड नाही. पण पाणीमहालाला जायचं ते पावसाळ्यात, नर आणि मादी दोन्ही धबधबे महालावरून कोसळत असताना. मार्चमध्ये दोघंही कोरडे. उपळी बुरुजाचे दगड दुपारी तव्यासारखे तापतात.

विडीघरकुलची काकू

पोरांनो, गच्चीवर रंग खेळणार म्हणताय तर बाजारातली ती चंदेरी पेस्ट आणू नका, आठ दिवस कानामागून निघत नाही. पळसाची फुलं आता मिळतात. झाडाखाली पडलेली वेचा, झाड ओरबाडू नका. देठाकडचं काळपट टोपण खुडून टाकायचं, नुसत्या पाकळ्या घ्यायच्या. मोठ्या पातेल्यात पाणी घालून उकळा, फुलं पांढरट पडली की गॅस बंद. झाकून रात्रभर ठेवा, सकाळी फडक्यानं गाळा. पिवळा-केशरी रंग येतो. आणखी गडद हवा असेल तर चिमूटभर खायचा चुना. पण चुना घातला की कपड्यावर जास्त धरतो, तेव्हा जुने कपडे घाला. अंगावरचा साध्या पाण्यानं जातो.

त्या पोराला रंग लावायचा का, हे त्यालाच विचारा. आमच्या गल्लीतली रोजेवाली पोरं कोरडा गुलाल कपाळाला लावून घेतात, तोंडावर पाणी नको म्हणतात. कुणी तेवढंही नको म्हणेल. जबरदस्ती नाही करायची.

संध्याकाळच्या डब्याचं सांगते. उन्हात टिकणारं न्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे. दही नेणार असाल तर मातीच्या गाडग्यात, वर ओलं फडकं. रोजा सोडायला खजूर तो आणेलच, तुम्ही कलिंगड न्या, पण तिथं जाऊन कापा. आधी कापून नेलेलं कलिंगड म्हणजे गोड पाणी. आणि दिवसभर उपाशी पोटावर एकदम शेंगाची चटणी वाढू नका त्याला, आधी दोन घोट पाणी, फळ, मग जरा दम धरून बाकीचं.

टॉवेलवाली

काकू, माळरानीताई, तुम्ही दोघी आमच्या ग्रुपच्या ॲडमिन व्हा.

मित्राला विचारलं. तो म्हणाला, "पहाटेचं चालतंय की, मला उठवायला तुम्हीच उठा म्हणजे झालं." शनिवारी रात्री त्यानंच आम्हाला इथल्याच विजापूर वेशीतल्या रमजानच्या मीना बाजारात बोलावलंय. आता प्रश्न पुणेकरांचा. पहाटे पाचला उठायचंय म्हटल्यावर दोघांनी "रविवारी?" एवढंच लिहिलं आणि गप्प झाले.

टॉवेलवाली (आठवड्यानंतर)

झालं एकदाचं, तर इथंही टाकते.

पुणेकर उठले. कारण रोजेवाला सहरी करून थेट त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि बेल सोडेचना. नान्नजला उजाडता उजाडता पोचलो. आधी पंधरा-वीस मिनिटं काही नाही, नुसतं पिवळं गवत आणि चंडोलांचा आवाज, आणि हिंजवडीवाल्यांचे "हे बघायला आलो?" असे चेहरे. मग चष्मिसलाच दिसला. काळा नर, एकटा, मान ताठ, आमच्याकडे बघत. माळरानीताई म्हणाल्या तसंच, तो हलला आणि त्याच्यामागचं अख्खं गवत उठून चालायला लागलं. ज्यांची तोंडं एरवी मिटत नाहीत ती माणसं गाडीत बसून श्वाससुद्धा हळू घेत होती. उडीही बघितली. लांडगा नाही.

गच्चीवरचा रंग तासभरच झाला, पण झकास. रोजेवाल्यानं गुलालाचा एक टिळा लावून घेतला आणि मग टाकीजवळ सावलीत बसून कुणाचं तोंड कोरडं राहिलंय ते बोट दाखवून सांगत बसला. म्हणजे पाण्याला न शिवता सगळ्यात जास्त भिजवलं त्यानंच.

माचणूरला नदीत पाणी होतं. चौघं पुण्यातल्या भाड्यांबद्दल, एकाच्या मोडलेल्या लग्नाबद्दल आणि मी इथंच का राहिले याबद्दल बोलत होते, वेळ बघायची राहूनच गेली. अजान लांब गावातून अगदी बारीक आली. खजूर आधी आम्हीच मागून घेतले. मग त्यानं घाटाच्या कडेला नमाज पढला आणि तोवर आम्ही कलिंगड कापलं. आई म्हणाली होती नऊ, मी साडेआठलाच दारात, त्यामुळं पुढच्या खेपेला दहा मागायची सोय झाली.

काकू, एक विचारायचं होतं. आम्ही चुना चिमूटभर नाही, जरा सढळ हातानं घातला होता. आणि रंगाची अर्धी बादली मामाच्या व्हॅगन आरच्या मागच्या सीटवर सांडली आहे. कशानं जाईल?

विडीघरकुलची काकू

लिंबू पिळून चोळ, अर्धा तास ठेव, ओल्या फडक्यानं पूस, मग सीट उन्हाला दे. फिका होईल, पुरता जाईलच असं नाही. मामाला मी सांगितलं म्हणू नकोस.