सामान चढवण्याआधी: मुंबईत नव्या घरात जाताना

या धाग्यात माप, क्रम आणि कारण लिहा. घर बिल्डरकडून घेतलेलं असो, रिसेलचं असो की भाड्याचं, ज्याला पुढच्या महिन्यात किल्ली मिळणार आहे त्याला उपयोगी पडेल असं काहीही चालेल.

प्लंबिंग, बोरिवली

किल्ली मिळाली की पहिलं काम बाथरूममध्ये पाणी भरून ठेवण्याचं. नहाणी ट्रॅपची (जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाची) जाळी काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कापडाचा बोळा घालून तोंड घट्ट बुजवा, दाराशी उंबरठा नसेल तर मातीचा बांध घाला. दोन इंच पाणी भरून भिंतीवर पातळीची पेन्सिलीने खूण करा. २४ तास ठेवा, जमलं तर ४८. मग खालच्या मजल्यावरच्यांना विनंती करून त्यांच्या छतावर बॅटरी मारा. पाइप स्लॅबमधून खाली उतरतो त्या गोलाभोवती ओल दिसते का, तेच आधी बघायचं. गळती सहसा लादीच्या मधोमध होत नाही; ती या सांध्यातून नाहीतर लादी आणि भिंत भेटते त्या कोपऱ्यातून होते. घर रिकामं असताना ही दुरुस्ती काही दिवसांत उरकते. राहायला गेल्यावर आंघोळी कुठे करायच्या इथपासून प्रश्न सुरू होतात.

बंद घरात घाण वास येत असेल तर लगेच पाइप बदलायला निघू नका. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं असतं, ते गटाराचा वास अडवतं. घर महिनोन्महिने बंद राहिलं की ते आटतं, मग झुरळंही तिथूनच येतात. प्रत्येक नहाणीत, बेसिनमध्ये, सिंकमध्ये दोन तांबे पाणी ओता. तरी वास राहिला तर जाळीखालची उलटी वाटी जागेवर आहे का बघा. लादीकाम करणारे ती काढतात आणि परत बसवायची राहून जाते.

वरच्या दोन मजल्यांवर आणखी एक: टाकी डोक्यावर तीन मीटरवर असेल तर दाब ०.३ बारच्या आसपासच मिळतो. १५ लिटरची बादली शॉवरच्या नळाखाली धरून घड्याळ लावा. भरायला तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर शॉवर नुसता ठिबकणार आणि वॉशिंग मशीन पाणी घेताना रखडणार. प्रेशर पंप लावावा लागेल, पण आधी सोसायटीला विचारा.

वॉटर प्युरिफायर सर्व्हिस, दादर

वरच्यांनी पाण्याचा विषय काढलाच आहे म्हणून. भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचं बीएमसीचं पाणी मुळात मऊ असतं. नुसतं तेच येत असेल तर आरओ (पडद्यातून गाळून क्षार काढणारा प्युरिफायर) घेऊ नका, यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) पुरतं. आरओ बरंच पाणी मोरीत सोडतं आणि असलेली खनिजंही काढून टाकतं. मात्र इमारतीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळत असेल तर चित्र बदलतं. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरा थर दिसतो, ही खूण. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरने सकाळी आणि संध्याकाळी, दोन वेगळ्या दिवशी मोजा. ५०० च्या वर जात असेल तरच आरओ.

इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, ठाणे-मुलुंड

मीटरवरचा मंजूर लोड (एकावेळी किती वीज घेता येईल तो आकडा) बिलावर छापलेला असतो, तो वाचा. दीड टनाचा एसी दीड ते पावणेदोन किलोवॅट, गीझर दोन, इंडक्शन दोन, इस्त्री एक. संध्याकाळी एकत्र चाललं की साडेसहाच्या वर. लोड वाढवायचा अर्ज राहायला येण्याआधी करा. शहरात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण. रिसेल असेल तर किल्ली घेताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा.

एसीला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (जास्त वीज खेचली की आपोआप पडणारा स्विच) हवा. जुन्या घरात एसीचा पॉइंट दिव्यांच्या लाइनवरून काढलेला सापडतो. तिथे एमसीबी वारंवार पडतो आणि लोक मोठा एमसीबी बसवतात. हे मुळीच करू नका, मग एमसीबी पडत नाही, भिंतीतली वायर तापते. आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा असावा; त्यावरचं टी बटण दाबून तो लगेच पडतो ना बघा. अर्थिंग निऑन टेस्टरने कळत नाही. मल्टिमीटरने प्रत्येक सॉकेटला फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ मोजा, दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. गीझरच्या सॉकेटला तर नक्की.

गॅस फिटिंग, अंधेरी

शेगडीचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं. एलपीजीची (सिलिंडरची) शेगडी तशीच पाइप गॅसला जोडली तर ज्योत मिणमिणती राहते, कारण पाइप गॅसचा दाब कमी आणि तेवढ्याच घनफळातली उष्णताही कमी, म्हणून भोक मोठं लागतं. उलट चूक घातक: पाइप गॅसचे जेट सिलिंडरवर राहिले तर ज्योत उंच आणि पिवळी येते, भांडी काळी पडतात. जेट अधिकृत माणसाकडूनच बदलून घ्या. रिसेलमध्ये महानगर गॅसचं कनेक्शन जुन्या मालकाच्या नावावर असतं, थकबाकी फेडल्याची पावती त्यांच्याकडून आधीच मागून घ्या.

पौरोहित्य, गिरगाव

दूध उतू घालायला गॅस सुरू असावा लागतो, त्यामुळे वरची गोष्ट मुहूर्ताच्या आधी आठवडाभर करा. पातेलं लहान, पाव लिटर दूध पुरे, नाहीतर बर्नरची भोकं बुजतात. वास्तुशांतीचं होमकुंड थेट लादीवर कधीही ठेवू नका. विटांचा थर, त्यावर दोन इंच वाळू, मग कुंड. नाहीतर तापून लादी तडकते. टॉवरमध्ये छताला स्मोक डिटेक्टर असतात, सोसायटीच्या ऑफिसला आदल्या दिवशी कळवा आणि त्यांच्या माणसाकडूनच तेवढा वेळ बंद करून घ्या.

सोसायटीचं कामकाज, विलेपार्ले

थोडक्यात. नव्या इमारतीत ओसी (राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला) बघितल्याशिवाय राहायला येऊ नका. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर रेरा (घरखरेदीदारांसाठीचा कायदा) च्या कलम १४(३) प्रमाणे बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. म्हणून तक्रार तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. रिसेलला सोसायटीला ट्रान्स्फर प्रीमियम (घर नव्या मालकाच्या नावावर करायची रक्कम) २५,००० रुपयांच्या वर घेता येत नाही. भाड्याचं असेल तर करारनामा नोंदवलेलाच हवा.

सुतारकाम, घाटकोपर

पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या भिंतीवर मुंबईचा पाऊस सरळ येतो. त्या भिंतीला कपाट टेकवायचंच असेल तर मागे दोन बोटं जागा सोडा, नाहीतर ऑगस्टमध्ये कपड्यांना बुरशी. पावसाळ्यात पुट्टी वाळत नाही, रंग नंतर पापुद्रे होऊन निघतो. घाई असली तरी ती एक भिंत ऑक्टोबरपर्यंत तशीच ठेवा.

टेम्पो बोलावण्याआधी लिफ्टच्या आतली खोली, उंची आणि दाराची रुंदी टेपने मोजा. आठ माणसांची लिफ्ट ५४४ किलोची, पण लोखंडी कपाट वजनाने नाही, लांबीने अडतं. पलंग आधीच सोडवा, स्क्रू एका पिशवीत घालून त्याच फळीला चिकटपट्टीने बांधा. आणि जुन्या पलंगाचे सांधे जुन्या घरातच बॅटरीने नीट तपासा, काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. औषध तिथेच मारायचं, इथे आणून नाही.