पोटाच्या ऑपरेशननंतरचं दुखणं आणि पोटफुगी : तुमचे अनुभव सांगा

मागच्या महिन्यात दुर्बिणीतून माझं पित्ताशय काढलं. पोट दुखणार हे धरूनच चालले होते, पण दुसऱ्या दिवशी उजवा खांदा असा ठणकायला लागला की हृदयाचंच काही आहे असं वाटून रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी सिस्टरांनी उलगडून सांगितलं. ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटल चिडतं आणि कळ खांद्यात निघते. तीन दिवसांत थांबली. हे आधी कळायला हवं होतं. तुमचं कसं गेलं? बारीकसारीकही लिहा.

*

माझं गर्भाशय काढलं, पोट उघडून. खोकला आला की टाके उसवतील असंच वाटायचं. नर्सबाईंनी छोटी उशी दिली. ती दोन्ही हातांनी टाक्यांवर दाबून धरायची आणि मग खोकायचं. उठतानाही आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, कोपरावर भार देऊन उठायचं.

गोळीची सवय लागेल म्हणून मी टाळत होते. दुखायचं म्हणून हलत नव्हते, आणि हलत नव्हते म्हणून पोट नगाऱ्यासारखं. डॉक्टर चांगलेच रागावले. मग वेळेवर गोळी आणि अर्ध्या तासाने जाऊबाईंचा हात धरून व्हरांड्यात फेऱ्या. चौथ्या फेरीला वारा सरला, तेव्हा मला रडूच आलं. बायकांनो, सोसत बसू नका.

*

सिझर झालं आणि आईने लगेच डिंकाचे लाडू पुढे केले. तिचं मन मोडवेना, पण दोन लाडवांत पोट टम्म. मग आठवडाभर पेज, मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण, तेही थोडं थोडं. लाडू नंतर खाल्ले, मनापासून.

*

बाबांचं आतडं अडकलं होतं. वय 72. ऑपरेशननंतर नाकात नळी, आणि राउंडला एकच प्रश्न, "काका, गॅस गेला का?" सर्जन म्हणाले, आतडं सुस्त पडतं, लहान आतडं साधारण दिवसभरात जागं होतं, मोठ्याला दोन-तीन दिवस लागतात. नळी निघाल्यावर त्यांना च्युइंगगम चघळायला दिलं, म्हणजे जेवण आलंय असं समजून आतडं हलायला लागतं.

घरी आल्यावर पाचव्या दिवशी पोट फुगलं, हिरवट उलटी झाली, आणि आम्ही गॅस समजून बेंबीभोवती हिंग लावत बसलो. सात तास गेले. पुन्हा भरती, पुन्हा नळी. दोन दिवसांनी पोट मोकळं झालं, पण ते सात तास मला अजून टोचतात. पोट फुगलंय, गॅस-शौच बंद आणि उलट्या होताहेत, किंवा ताप आहे, तर घरगुती उपाय करत थांबू नका. रात्र असली तरी न्या.

*

हर्निया, आज तिसरा दिवस, वॉर्डातूनच लिहितोय. उशी दाबून खोकलो, कफ सुटला. आभार! दुखण्यावर ट्रामाडॉलची गोळी चालू आहे, शौचाला झालेलं नाही. गोळीमुळे असेल का?

*

असू शकतं, त्या गोळीने बद्धकोष्ठ होतं. पण मनाने बंद करू नका, दुखणं वाढलं की चालणं थांबेल. संध्याकाळच्या राउंडला सांगा, सोबत पोट साफ होण्याचं पातळ औषध देतील. आणि गॅस सरतोय की नाही, हेही आवर्जून सांगा. कळवा इथे, वाट बघते.